२८२ सामने, एकही खाडा नाही : जिम मार्शल यांच्यासाठी हॉल ऑफ फेमच्या निवड समितीला खुले पत्र

प्रति,
निवड समितीचे सर्व सदस्य,
प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, कँटन, ओहायो

सप्रेम नमस्कार.

३ जून २०२५ रोजी मिनियापोलिसमध्ये जिम मार्शल गेले, मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाचे जुने कर्णधार. वय ८७. त्यांना तुमच्या दालनात, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, जागा मिळावी म्हणून हे पत्र. बातमी ऐकल्यावर मी सर्वात आधी वही काढली आणि एक हिशेब परत मांडून पाहिला. तो हिशेब तुमच्यासमोर ठेवते, कारण माझं बाकीचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

१९६० चा मोसम, क्लीव्हलँड ब्राउन्स : १२ सामने. १९६१ ते १९७७, मिनेसोटा व्हायकिंग्ज : मोसमाला १४ सामने, १७ मोसम, म्हणजे २३८. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगनं सामने वाढवून १६ केले. १९७८ आणि १९७९ चे मिळून ३२. एकूण २८२. लीगनं जेवढे सामने ठरवले, तेवढेच मार्शल खेळले. एक कमी नाही. शिवाय मोसमानंतरच्या बाद फेरीचे १९ सामने वेगळे.

मी मूळची सोलापूरची. माझे वडील तिथल्या एका कापडगिरणीत कामाला होते. आमच्या घरात माणसाची किंमत एका शब्दावरून ठरायची, तो शब्द म्हणजे खाडा. मस्टरवर ज्या दिवशी सही नाही, तो खाडा. त्या दिवसाची मजुरी गेली, आणि आपल्या जागी बदली कामगार उभा राहिला. वडिलांच्या खात्यावर बारा वर्षांत दोन खाडे होते : एक माझ्या जन्माचा, एक आजीच्या तेराव्याचा. हे दोन्ही दिवस ते मोठेपणी आम्हाला तारीखवार सांगायचे. मिनेसोटात आल्यावर शेजारच्या एका आजोबांनी मला हा खेळ शिकवला, आणि तो मी फोनवर आईवडिलांना मराठीत समजावून सांगत गेले. ‘एकोणीस वर्षं एका संघात, आणि खाडा एकही नाही,’ असं मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी खेळाचे नियम विचारले नाहीत. ‘कुठल्या खात्यात होता तो?’ एवढंच विचारलं. म्हणून हे पत्र मराठीतच लिहिते आहे. इंग्रजी प्रत माझी मुलगी तुमच्याकडे पाठवेल.

कुठल्या खात्यात, हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या माझ्या मराठी मंडळींसाठी सांगते. मार्शल डिफेन्सिव्ह एंड होते, बचावफळीच्या उजव्या टोकाचा गडी. चेंडू सुटला की समोर उभ्या असलेल्या, बहुतेक वेळा स्वतःहून वजनदार माणसावर धडक मारायची, त्याला बाजूला सारायचं आणि मागे चेंडू घेऊन उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला गाठायचं. दर डावाला हेच, सामन्यात पन्नास-साठ वेळा. बोटं मोडतात, गुडघे फिरतात, खांदे निखळतात. या जागेवर दोन-तीन मोसम अंग धड ठेवणं हीच मोठी गोष्ट मानतात. मार्शल यांची उंची सहा फूट चार इंच होती खरी, पण या कामासाठी ते सडपातळच होते. त्यांची सगळी भिस्त पायांवर होती.

त्यांची हजेरी पुढे दोघांनी ओलांडली. २००५ मध्ये जेफ फीगल्स यांनी सलग सामन्यांचा आकडा मागे टाकला. ते पंटर होते, चेंडू लाथाडून लांब पाठवायला सामन्यात मोजक्या वेळा मैदानात येणारे. २००९ मध्ये ब्रेट फार्व्ह यांनी सलग २७० सामने सुरुवातीपासून खेळण्याचा विक्रम मोडला, तोही व्हायकिंग्जच्याच जांभळ्या जर्सीत. फार्व्ह यांच्याबद्दल मला आदर आहे, पण क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी या लीगनं नियमांची भिंत बांधली आहे. डिफेन्सिव्ह एंडसाठी अशी भिंत कोणी बांधली नाही. धडक द्यायची आणि धडक घ्यायची, ज्याची रोजीच ती आहे अशा माणसाचे २८२ सामने वेगळ्याच तराजूत तोलायला हवेत.

आता तुमच्या समितीत मांडला जाणारा आक्षेप घेते. तो असा की हजेरी म्हणजे कर्तृत्व नव्हे. प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, मार्शल दोनदाच निवडले गेले, १९६८ आणि १९६९ मध्ये. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात, ज्याला ऑल-प्रो म्हणतात, त्यांचं नाव कधी आलं नाही. हे खरं आहे, आणि ते झाकून मला पुढे जायचं नाही.

पण गिरणीतली आणि मैदानातली हजेरी यांत एक फरक आहे. गिरणीत मस्टरवर नाव असलं की आपली जागा आपलीच असते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तसं नाही. दर वर्षी कॉलेजातून एकवीस-बावीस वर्षांची ताजी पोरं येतात, आणि त्यातली दोन-तीन नेमकी तुमच्याच जागेवर डोळा ठेवून असतात. मार्शल यांचे २७० सलग सामने हे पहिल्या डावापासून मैदानात उतरण्याचे आहेत. म्हणजे १९६१ पासून १९७९ पर्यंत, एकोणीस मोसम, एकाही आठवड्यात कुठल्याच प्रशिक्षकाला असं वाटलं नाही की या जागेवर आपल्याकडे याच्याहून चांगला माणूस आहे. बड ग्रँट यांच्यासारखा, भावनेला भुलून संघ न निवडणारा प्रशिक्षक १९६७ पासून होता. शेवटच्या सामन्याच्या वेळी मार्शल यांना बेचाळीस पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा उरला होता. ही मेहेरबानीची हजेरी नाही. ही दर आठवड्याला नव्यानं जिंकलेली जागा आहे.

प्रो बोलच्या दोनच निवडींबद्दलही थोडं थांबून पाहावं. त्या फळीत चौघे होते : डाव्या टोकाला कार्ल एलर, मध्ये अॅलन पेज आणि गॅरी लार्सन, उजवीकडे मार्शल. लोक त्यांना पर्पल पीपल ईटर्स म्हणत, आणि त्यांचं आपसातलं वाक्य होतं की भेटू क्वार्टरबॅकपाशी. १९६९ मध्ये या बचावानं चौदा सामन्यांत मिळून १३३ गुण दिले, सामन्याला दहासुद्धा नाहीत. त्या मोसमानंतर चौघेही प्रो बोलला गेले. पेज यांना तुम्ही १९८८ मध्ये घेतलंत, एलर यांना २००४ मध्ये. दोघांच्या मानाबद्दल कोणाच्या मनात किंतु नाही. पण एका फळीत दोन असामान्य माणसं असली की तिसऱ्याच्या वाट्याला मतं कमी येतात, हे मतदान केलेल्या कोणालाही कळतं.

आणि मोजमाप तरी कुठे होतं? क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवं करणं म्हणजे सॅक, या जागेवरच्या खेळाडूची खरी कमाई. लीग त्याची अधिकृत नोंद ठेवू लागली १९८२ पासून, मार्शल यांच्या निवृत्तीनंतर तीन मोसमांनी. बाकी खेळाडूंच्या पुढे आकडे लागले आहेत आणि मार्शल यांच्या रकान्यात अधिकृत असं काहीच नाही. त्या काळातही जे मोजलं जायचं, ते मात्र बघा. प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू त्यांनी २९ वेळा ताब्यात घेतला, आणि हा आकडा ओलांडणारा खेळाडू अजून झालेला नाही. निसटलेल्या चेंडूपाशी सगळ्यात आधी पोहोचणं हे नशीब एकदा-दोनदा असतं. २९ वेळा ते धावण्यातून येतं, डाव आपल्या बाजूनं संपला असं वाटत असतानाही चेंडूकडे पळत राहण्यातून.

याच सवयीनं त्यांना २५ ऑक्टोबर १९६४ ला दगा दिला.

हा दिवस टाळून त्यांच्याबद्दल लिहिता येत नाही, कारण दुसरं काही माहीत नसलेल्यांना एवढं माहीत असतं. सॅन फ्रान्सिस्कोचं केझर स्टेडियम, चौथा क्वार्टर. फॉर्टी-नाइनर्सच्या बिली किल्मरच्या हातून चेंडू सुटला. मार्शल यांनी तो उचलला आणि पळत सुटले. गर्दीत फिरताना दिशा हरवली होती. ६६ यार्ड धावले, स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्याच टोकाच्या पट्ट्यात. कडेनं व्हायकिंग्जचे क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केन्टन ओरडत पळत होते, मार्शल यांना वाटलं प्रोत्साहन देताहेत. पोहोचल्यावर आनंदानं चेंडू बाहेर फेकला. विरुद्ध संघाचा ब्रूस बॉस्ली येऊन थोपटून गेला तेव्हा काय झालं ते कळलं. सेफ्टी, फॉर्टी-नाइनर्सना दोन गुण.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. व्हायकिंग्जनी तो सामना २७–२२ असा जिंकला. जिंकले कशावर? फॉर्टी-नाइनर्सचा क्वार्टरबॅक जॉर्ज मिरा याला मार्शल यांनी आडवं केलं, चेंडू सुटला, आणि कार्ल एलर तो घेऊन सहा गुणांच्या टचडाउनपर्यंत गेले. पाच गुणांनी जिंकलेल्या सामन्यातले ते गुण. ज्या दिवसाची फजिती साठ वर्षं दाखवली गेली, त्याच दिवसाचा निर्णायक डावही त्याच माणसाचा होता. तो कोणी दाखवत नाही, कारण तो इतर डावांसारखाच दिसतो.

पुढे त्यांना रॉय रीगल्स यांचं पत्र आलं. १९२९ च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना रीगल्स उलट्या दिशेनं धावले होते, आणि त्यांचा संघ ८–७ असा हरला होता. पस्तीस वर्षं तो डाग घेऊन जगलेल्या माणसानं या नव्या माणसाला आपल्यात सामावून घेतलं. मला या सगळ्या कहाणीत ते पत्र फार मोलाचं वाटतं. रीगल्स यांना कळलं होतं की आता या पोराला आयुष्यभर एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार आहे. मार्शल यांनी ते दिलं. शाळांत, सभांत, टीव्हीवर, कोणी विचारलं तरी दिलं, आणि मैदानावर पुढची पंधरा वर्षं आठवड्यामागून आठवडा उतरून दिलं.

मी त्यांना खेळताना पाहिलेलं नाही. मी इथे आले तेव्हा ते निवृत्त झाले होते, आणि ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियमही लवकरच पाडलं गेलं. आज तिथे मॉल ऑफ अमेरिका उभा आहे. व्हायकिंग्ज १९६१ ते १९८१ या मैदानावर उघड्या आभाळाखाली खेळले. शेजारचे आजोबा सांगायचे : डिसेंबरात पारा शून्याच्या खाली, प्रतिस्पर्धी संघ शेगडीभोवती गोळा झालेला, आणि आपल्या बाजूला शेगडीच नाही. ग्रँट यांनी ती ठेवूच दिली नव्हती. त्यांचं म्हणणं असं की शेगडी असली की मन खेळात राहत नाही, शेगडीत राहतं. त्या थंडीत शेगडीविना उभ्या राहणाऱ्या पोरांचा कर्णधार मार्शल होते. पहिल्या वर्षी आलेला पोरगा कुडकुडत बाजूला पाहायचा, तर चाळिशीकडे झुकलेला कर्णधार शांतपणे उभा. मग त्याला तक्रार करायला तोंडच उरत नसे. आजोबा हे सांगताना स्वतःच्या कोटाची बटणं लावायचे.

आधीचं थोडं सांगते, कारण ते तुमच्या कँटनपासून फार लांब घडलं नाही. मार्शल यांचा जन्म ३० डिसेंबर १९३७ चा, केंटकीतला. वाढले ओहायोतल्या कोलंबसमध्ये, तुमच्या दालनापासून गाडीनं दोनेक तासांवर. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या १९५७ च्या विजेत्या संघात ते होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी न थांबता कॅनडात सस्कॅचवनकडून १९५९ चा मोसम खेळले, मग ब्राउन्स. १९६१ मध्ये त्यांना मेंदूज्वर झाला, वजन उतरलं, आणि त्या अवस्थेत ब्राउन्सनी त्यांना आणखी काही खेळाडूंसोबत मिनेसोटाच्या नव्याकोऱ्या संघाकडे पाठवून दिलं. आजारातून उठलेला माणूस, नुकताच जन्मलेला संघ. १७ सप्टेंबर १९६१ ला व्हायकिंग्जनी आपल्या इतिहासातला पहिला सामना शिकागो बेअर्सविरुद्ध ३७–१३ असा जिंकला. त्या दिवसापासून १९७९ संपेपर्यंत या संघाचा मार्शल यांच्याशिवाय एकही सामना झाला नाही. संघाच्या वयाची पहिली एकोणीस वर्षं आणि या माणसाची हजेरी एकच आहे.

मध्यंतरी काय काय झालं नाही! बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटून स्वतःलाच लागली, तरी पुढचा सामना चुकला नाही. जानेवारी १९७१ मध्ये बेअरटूथ डोंगरात स्नोमोबाइल घेऊन गेलेला जथा बर्फाच्या वादळात सापडला. मार्शल आणि संघातले पॉल डिक्सन त्यात होते. रात्रभर जिवंत राहण्यासाठी जे जळेल ते जाळलं, खिशातल्या नोटासुद्धा. त्या रात्री मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष ह्यू गलुशा थंडीनं गेले. मार्शल परतले आणि सप्टेंबरात पुन्हा आपल्या जागेवर उभे राहिले.

चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळले, चारही हरले : चौथा, आठवा, नववा, अकरावा. मला वाटतं, तुमच्या टेबलावर त्यांचं नाव मागे पडण्याचं हेही एक कारण आहे, कोणी उघड बोलत नसलं तरी. त्या चार पराभवांतून पेज, एलर, टार्केन्टन, रॉन यारी, पॉल क्रॉज, ग्रँट हे सगळे दालनात पोहोचले. मग पराभवाचं ओझं फक्त कर्णधाराच्या पाठीवर का?

मिक टिंगलहॉफ यांचं उदाहरण तुमच्याच नोंदीत आहे. ते व्हायकिंग्जचेच सेंटर, आक्रमणफळीच्या मधला गडी, सलग २४० सामने, १९७८ मध्ये निवृत्त, आणि दालनात आले २०१५ मध्ये, सदतीस वर्षांनी. त्यांच्या खात्यात ऑल-प्रोचे मान मार्शल यांच्याहून जास्त होते, हे मान्य. तरीही त्यांच्याबद्दल लिहिताना, बोलताना पहिला उल्लेख त्या २४० चाच होतो. म्हणजे सातत्य तुम्हाला मोजता येतं. मोजण्याची इच्छा हवी.

आता नियमांबद्दल. निवृत्त होऊन २५ वर्षं उलटलेल्यांना तुम्ही ज्येष्ठ म्हणता. २०२५ च्या वर्गासाठी, म्हणजे त्या वर्षी दालनात घ्यायच्या मंडळींसाठी, तुम्ही नवी पद्धत आणलीत : तीन ज्येष्ठ खेळाडू, एक प्रशिक्षक आणि एक योगदानकर्ता (खेळाडू किंवा प्रशिक्षक नसलेला, खेळासाठी काम केलेला माणूस), या पाचांना एकाच गटात टाकायचं. प्रत्येक सदस्यानं पाचांतून तीन नावं निवडायची, आणि ८० टक्के मतं मिळतील त्यालाच प्रवेश. निकाल काय लागला? पाचांतून एकटे स्टर्लिंग शार्प. वर्ग अवघ्या चौघांचा, २००५ नंतरचा सर्वात लहान. त्या पाचांतले लाइनबॅकर मॅक्सी बॉन हयात नव्हतेच. त्यांचं नाव आलं आणि गेलं. पाच जणांची मतं तीन-तीननं वाटली की ८० टक्के दोघांना मिळणंही अवघड, हे गणित शाळकरी मूल करून दाखवेल. साठच्या दशकातला डिफेन्सिव्ह एंड आणि नव्वदच्या दशकातला प्रशिक्षक यांची तुलना कशावर करायची? अशा गटात मार्शल यांचं नाव उद्या आलं, तरी ते पाचांतलं एक होऊन जाईल, आणि त्या २८२ सामन्यांवर स्वतंत्रपणे कोणी बोलणारच नाही.

माझी विनंती एवढीच आहे. ज्येष्ठ खेळाडूंचा गट प्रशिक्षक आणि योगदानकर्त्यांपासून वेगळा करा. आणि ज्येष्ठांच्या छाननीत मार्शल यांचं नाव पूर्ण वेळ देऊन मांडा. त्यात चित्रफीत दाखवायची झाली तर १९६४ च्या त्या सामन्याची पूर्ण दाखवा, मिराला आडवं केलेल्या डावासकट. १९६९ चा बचाव दाखवा. डिसेंबर १९७९ मधला मेट्रोपॉलिटन स्टेडियमवरचा त्यांचा शेवटचा सामना दाखवा, बफेलोविरुद्धचा, ज्यानंतर संघातल्या पोरांनी एक्केचाळीस वर्षांच्या कर्णधाराला खांद्यावर घेतलं होतं.

केन रायली २०२० मध्ये गेले, तुम्ही २०२३ मध्ये घेतलंत. क्लिफ ब्रांच २०१९ मध्ये गेले, २०२२ मध्ये घेतलंत. केन स्टेब्लर २०१५ मध्ये गेले, २०१६ मध्ये घेतलंत. दालनात लावलेला त्यांचा पुतळा घरच्यांनी पाहिला, त्यांनी स्वतः नाही. मार्शल यांच्या बाबतीत ती वेळ आता गेलीच आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. निवृत्तीनंतर ते सहकारी ऑस्कर रीड यांच्यासोबत मिनियापोलिसच्या अडचणीतल्या पोरांसाठी काम करत राहिले. त्या पोरांतली आज कितीतरी चाळिशी-पन्नाशीची असतील. त्यांना तरी कँटनला जाऊन मार्शल यांचा पुतळा बघता यावा.

वडील आता नाहीत. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मी त्या वेळी दिलेलं उत्तर इथे लिहून ठेवते, म्हणजे तुमच्या बैठकीत कोणाला उपयोगी पडलं तर पडेल. मी म्हणाले होते, ‘बाबा, जिथं सगळ्यात जास्त मार बसतो, त्या खात्यात.’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, ‘मग त्याचं नाव पाटीवर लावलंय ना त्यांनी?’

उत्तराची वाट पाहते.

आपली,
ब्लूमिंग्टन, मिनेसोटा येथील एक प्रेक्षक